पहाटेचे दीड तास आणि एक कादंबरी

प्रश्न विचारणाऱ्या बाई बँकेत नोकरी करतात. दोन मुलं शाळेत आहेत आणि पहाटे साडेचार ते सहा एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा असतो. आजोळचं गाव कोयनेच्या धरणात गेलं, त्या गावावर त्यांना कादंबरी लिहायची आहे. त्यांनी विचारलंय: कादंबरी लिहायला किती वेळ लागतो, वर्षभरात होईल का, आणि त्यासाठी बिनपगारी रजा घ्यावी का?

मी तेहतीस वर्षं कॉलेजात शिकवत, घर सांभाळत चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आधी सरळ उत्तर देते. तुमच्या वेळापत्रकात अडीच ते तीन वर्षं धरा. पहिला खर्डा नऊ-दहा महिन्यांत होईल, दुसऱ्याला जवळपास तेवढाच वेळ लागेल, मधे दोन-तीन महिने बाड बाजूला ठेवावं लागेल आणि शेवटचा हात फिरवण्यात सहा महिने जातील. वर्षभरात पहिला खर्डा नक्की होईल. पण तो कुणाला वाचायला देण्याजोगा नसेल, आणि तसा तो नसतोच.

त्याचा हिशेब असा. सव्वादोनशे-अडीचशे पानांची मराठी कादंबरी म्हणजे साधारण 55,000 ते 60,000 शब्द. इंग्रजी पुस्तकांत सांगितलेले 80,000-90,000चे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीला जिथे दोन-तीन शब्द लागतात तिथे आपलं 'घरात' किंवा 'घरापासून' एका शब्दात भागतं. हाताने लिहिलं तर फुलस्केपच्या एका पानावर दोनशे-सव्वादोनशे शब्द बसतात. दीड तासात दोन पानं, म्हणजे चारशे शब्द, हा नोकरी करणाऱ्या माणसाला झेपणारा वेग आहे. आठवड्याला पाच दिवस धरले तर 60,000 शब्दांना तीस आठवडे लागतात. त्यात मुलांच्या परीक्षा, तुमचा मार्चअखेर, गणपती, दिवाळी आणि घरातलं एखादं आजारपण मिळवा.

हा झाला हाताचा हिशेब. मी प्रत्येक कादंबरीसाठी एक छोटी वही ठेवते. रोज तारीख टाकायची आणि किती पानं झाली एवढंच लिहायचं. त्या चार वह्या आत्ता समोर आहेत. पहिलीला सात वर्षं लागली, दुसरीला चौदा महिने, तिसरीला चार वर्षं आणि चौथीला दोन. पण प्रत्यक्ष लिहिलेले दिवस मोजले, तर तिसरी सोडून बाकी सगळ्यांचा आकडा दोनशे ते अडीचशेच्या मधे येतो. सात वर्षं लागली तिचा आणि चौदा महिन्यांत झाली तिचाही. मग मधला काळ कुठे गेला? माझ्या अनुभवात त्यातला बराचसा एकाच गोष्टीत गेला: गोष्ट सांगणारं माणूस सापडण्यात.

हे तिसऱ्या कादंबरीवरून सांगते, कारण तिने मला सगळ्यात जास्त शिकवलं. ती इचलकरंजीच्या यंत्रमागांवरची. माझं माहेर तिथलं, आणि घराच्या भिंतीला लागूनच मागांची शेड. कांडीवाले, वहिफणीवाले, जॉबर, दिवाणजी ही सगळी माणसं लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे तयारी झालेलीच आहे असं समजून मी थेट लिहायला बसले. दीड वर्षात तीनशे दहा फुलस्केप पानं झाली. तृतीयपुरुषी निवेदन होतं, सगळ्यांच्या मनातलं सगळं ठाऊक असलेला निवेदक. बाड सलग वाचलं तेव्हा लक्षात आलं की यात कुणी जिवंतच नाही. पहिलं वाक्य असं होतं: 'पारूबाईंच्या आयुष्यात मागांच्या खडखडाटाला एक वेगळंच स्थान होतं.' वाक्यात चूक काही नाही. पण हे कोण बोलतंय? पारूबाई असं कधी बोलली नसती. तिच्या घरातलंही कुणी बोललं नसतं. हे वाक्य वर्गात शिकवणाऱ्या माझ्या तोंडचं होतं.

पुढचे दहा महिने त्या वहीत एकही तारीख नाही. मग एका लग्नासाठी माहेरी गेले. रात्री दोनच्या सुमाराला लाइट गेली, माग थांबले, आणि त्या शांततेनेच मला जाग आली. शेजारी झोपलेली काकू अंधारात उठून बसली होती. म्हणाली, 'माग बंद पडलं की जागच येती बघ मला. कानाला सवयच नाही गप बसायची.'

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी लिहिलं: 'माग बंद पडलं की मला जाग यायची.' आता पारूबाई स्वतः बोलत होती. साडेचार महिन्यांत सगळी कादंबरी नव्याने लिहून झाली. जुन्या तीनशे दहा पानांतली जेमतेम चाळीस कामाला आली. मग ती दीड वर्षं फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. त्या पानांमुळेच काकूचं वाक्य ऐकल्याबरोबर ओळखता आलं. लग्नघरात दुसरं कुणीही ते ऐकलं असतं आणि कूस बदलून झोपलं असतं.

झटपट लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांची उदाहरणं तुमच्याही कानावर आली असतील. त्यामुळे नवा लिहिणारा खचतो. ती नीट समजून घ्यायला हवीत. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933मध्ये 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली. तिला कादंबरी म्हणावं की आत्मकथन, हा वाद वेगळा. पण त्यांची आई 1917 साली गेली होती. पंधरा वर्षांहून जास्त काळ त्या आठवणी त्यांच्या जवळ होत्या, आणि कोण कुणाला सांगतंय हेही ठरलेलं होतं: श्याम सांगतो आहे, रोज रात्री, आपल्या मित्रांना. पहिल्या वाक्याआधीच एवढं हातात असेल तर पाच दिवस पुरतात. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' 1963 साली, वयाच्या पंचविशीत, पंधरा-सोळा दिवसांत लिहिली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर स्वतःच गोष्ट सांगतो. त्याचा बोलण्याचा ढंग एकदा पकडल्यावर ती कादंबरी त्याच दमात लिहिली जाणं मला नवलाचं वाटत नाही. त्याच लेखकाची 'हिंदू' मात्र वाचकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर 2010 साली आली. माणूस तोच, पण एका कादंबरीला पंधरवडा आणि दुसरीला कित्येक वर्षं. वेग लेखकाच्या स्वभावात असतो, ही समजूत इथेच मोडते.

रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीचं उदाहरण तर फार बोलकं आहे. 1866च्या ऑक्टोबरात त्यांनी 'जुगारी' सव्वीस दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतली. 1 नोव्हेंबरपर्यंत कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्यांचं सगळं लेखन मोबदल्याशिवाय छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. आना नावाची वीस वर्षांची लघुलेखिका दुपारी येऊन टिपून घ्यायची आणि रात्री घरी बसून स्वच्छ प्रत करायची. पुढे त्यांचं लग्न झालं, म्हणून ही हकिकत लोकांच्या लक्षात राहिली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या कादंबरीची कल्पना त्यांनी 1863 सालीच एका पत्रात मांडली होती, आणि जुगाराच्या टेबलावर ते स्वतः पुरते लुटले गेले होते. गोष्ट सांगतो तोही जुगाराच्या नादी लागलेला तरुण शिक्षकच. सव्वीस दिवस लागले ते कागदावर उतरायला.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला असा: खर्डा सुरू करायच्या आधी महिनाभर फक्त आवाज शोधा. गावातली शेवटची रात्र घ्या. बैलगाडीत काय भरलं, काय मागे राहिलं, देवळातला देव कुणी उचलला. हीच रात्र तीन जणांच्या तोंडून लिहा: तुमच्या आजीच्या, तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या मामाच्या, आणि आज उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठावर जाऊन उभ्या राहणाऱ्या तुमच्या. प्रत्येकी दोन-तीन पानं पुरेत. जिथे तुम्हाला पुढचं वाक्य शोधावं लागत नाही, तो तुमचा निवेदक. तिघांतला एकही चालला नाही तर चौथा बघा. हा महिना वाचवायला गेलात तर माझ्यासारखी दीड वर्षं मोजावी लागतील.

दुसरी गोष्ट माहिती गोळा करण्याची. तुमच्या विषयात हे काम थांबवून ठेवण्यासारखं नाही. कोयनेचं पाणी भरायला लागलं तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. साताऱ्यापासून सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत ही माणसं विखुरली गेली. तुमच्या नात्यातली जी आहेत त्यांच्याकडे याच सुट्टीत जा. मोबाइलवर बोलणं टिपून घ्या, अर्थात त्यांना विचारून. त्यांना 'विस्थापनाचा अनुभव' विचारू नका. विहीर कुठे होती, तिकडे जाताना वाटेत कुणाचं घर लागायचं, 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते कुठल्या गावात, कुठल्या छपराखाली झोपले होते, हे विचारा. बाकीचं ती माणसं आपणहून सांगतात. कादंबरी तुम्ही पुढच्या वर्षी सुरू केलीत तरी चालेल, पण हे बोलणं पुढच्या वर्षी होईलच याची खात्री नाही.

मात्र या कामाला हद्द घाला. माहिती जमवणं म्हणजे लिहिणं नाही, आणि ते करताना आपण लिहितोच आहोत असं मनाला वाटत राहतं. माझ्या ओळखीत दोघं जण असे आहेत की ज्यांच्याकडे कपाटभर टिपणं आहेत आणि प्रकरण एकही नाही. चार महिने पुरेत. उरलेल्या शंका खर्ड्यात समासात खूण करून ठेवायच्या आणि पुढे जायचं. त्या शंकांचं पुढे काय होतं ते सांगते. इचलकरंजीच्या कादंबरीत मुंबईच्या गिरणी संपाचा भाग आहे, कारण संपानंतर गिरण्यांचं बरंच काम भिवंडी-इचलकरंजीच्या मागांकडे वळलं आणि पारूबाईचा धाकटा दीर गिरणी सोडून घरी परतला. संपाचा पहिला दिवस मी रविवार धरून लिहिला होता. दीर घरीच आहे, खोलीत मटण शिजतंय, मुलं चाळीच्या गॅलरीत खेळताहेत. पुनर्लेखनाच्या वेळी 1982चं कालनिर्णय काढून बघितलं. 18 जानेवारी सोमवार. बघायला दोन मिनिटं लागली. पण रविवार गेला तशी मुलं शाळेत गेली, मटण गेलं, आणि दीर नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघाला आणि गिरणीच्या दारातून तोच भरलेला डबा घेऊन परत आला. सगळं प्रकरण बदललं. नऊ दिवस लागले. तो भरलेला डबा आज कादंबरीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

कादंबरीचा बराचसा वेळ अशाच ठिकाणी जातो. एक धागा ओढला की शेजारचे चार सैल होतात, आणि लघुकथेपेक्षा हे कितीतरी जास्त होतं, कारण मधे दोनशे पानं असतात. जुन्या कॅलेंडरांचा उपयोग मी आता पहिल्या दिवसापासून करते. कुठल्या प्रकरणात कुठला महिना, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं वय काय, हे एका कागदावर मांडून तो भिंतीला लावते. यात गेलेली एक संध्याकाळ पुढचे कित्येक दिवस वाचवते.

आता मधल्या खड्ड्याबद्दल. शंभराव्या पानाच्या आसपास कादंबरी थांबते. माझ्या चारही थांबल्या, आणि ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांच्या थांबल्या. सुरुवातीचा जोर संपलेला असतो, शेवट दिसत नसतो, आणि याच वेळी दुसऱ्याच एखाद्या कादंबरीची फार सुंदर कल्पना सुचते. ती कल्पना चार ओळींत टिपून ठेवा आणि परत या. आपल्या भाषेत या प्रकाराला ज्या ग्रंथावरून नाव मिळालं ती बाणभट्टाची 'कादंबरी'सुद्धा बाणाच्या हातून पूर्ण झाली नाही, ती त्याच्या मुलाने पुरी केली. मधेच थांबणं हा या कामाचाच भाग आहे, आपल्यातली काही खोट नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून सांगते. अशा दिवसांत मी चारशे शब्दांचा आग्रह सोडते आणि शंभरावर येते. पण वहीत तारीख पडली पाहिजे. तीन आठवडे सलग तारीख पडली नाही की परत आत शिरायला मला जवळजवळ महिना लागतो. माणसांचे आवाज विसरले जातात, आधीची सगळी पानं पुन्हा वाचावी लागतात. पहाटेचे दीड तास रोज मिळणं हे रविवारी सहा तास मिळण्यापेक्षा कितीतरी चांगलं, ते यासाठीच.

पहाटेचा विषय निघालाच आहे तर अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराबद्दल सांगते. ते पोस्टखात्यात नोकरी करत. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पाव तासाला 250 शब्द, असा त्यांचा नेम. तो वेग तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांना वेळेवर उठवून कॉफी आणून देणारा एक नोकर होता आणि त्या कामाचे ते त्याला वर्षाला पाच पौंड जादा देत. आपल्या यशाचं मोठं श्रेय त्यांनी आत्मचरित्रात त्यालाच दिलं आहे. बायकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. लिहिणाऱ्याच्या मागे कुणीतरी घरातलं काम उचललेलं असतं. आठवड्यातले निदान दोन दिवस डब्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि ते कादंबरीसाठी देते आहे असं घरात स्पष्ट सांगा. मी पहिल्या कादंबरीच्या वेळी हे सांगितलं नव्हतं. सातातली निदान दोन वर्षं त्या संकोचात गेली.

दिवाळी अंकाचं एक सांगायला हवं. अनेकांची पहिली लघुकादंबरी तिथेच येते आणि मुदत असल्यामुळे ती पुरी होते. मजकूर पावसाळ्यातच हातावेगळा करावा लागतो. माझी दुसरी कादंबरी आधी 22,000 शब्दांत दिवाळी अंकात आली, मग वाढवली. चौदा महिन्यांत झाली ती त्यामुळेच. पण घाईत केलेला शेवट छापून आला की तो बदलायला मन तयार होत नाही, हेही मी अनुभवलंय. तुमच्या विषयाला मी हा रस्ता सुचवणार नाही. त्याला ऐसपैस जागा लागेल.

लिहून झाल्यावरचा वेळ वेगळा मोजायचा. प्रकाशकाकडून उत्तर यायला सहा महिने लागू शकतात. स्वीकारल्यावर अक्षरजुळणी, दोन-तीन प्रुफं, मुखपृष्ठ यात वर्ष सहज जातं. बाड पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा किंवा करून घ्या. माझी एक कादंबरी जुन्या फाँटात जुळवली होती. ती बदलून घेताना ठिकठिकाणचे रफार उडाले, 'कर्ज'चं 'कज' झालं, आणि ते एकेक शोधून दुरुस्त करण्यात बावीस दिवस गेले.

राहिली बिनपगारी रजा. आत्ता घेऊ नका. पहिल्या खर्ड्याला ती लागत नाही. दिवसभर मोकळं बसून चारशेचे चार हजार शब्द होत नाहीत, आणि पगार बुडाल्याचं दडपण मात्र प्रत्येक पानावर येतं. रजा राखून ठेवा दुसऱ्या खर्ड्यासाठी. बाड दोन-तीन महिने कपाटात राहू द्या, मग पंधरा दिवसांची रजा काढा. तेव्हा तुम्हाला एक गोष्ट लागेल जी पहाटेच्या दीड तासात मिळत नाही: सगळी कादंबरी एकाच वेळी डोक्यात धरणं. पहिले तीन दिवस पेन हातात न घेता सगळं बाड मोठ्याने वाचा, कुणीतरी समोर बसलंय असं समजून. जीभ अडखळली तिथे समासात नुसती रेघ मारा आणि पुढे जा. चौथ्या दिवशी प्रत्येक प्रकरणाला एक कागद घ्या आणि त्यात काय घडतं ते दोन ओळींत लिहा. ज्याच्या दोन ओळी होत नाहीत ते प्रकरण बाजूला काढा. हे कागद जमिनीवर ओळीने मांडून त्यांचा क्रम हलवून बघा. मुलं घरी असली तर दार लावून घ्या. उरलेल्या दहा दिवसांत फक्त पहिली दोन प्रकरणं आणि शेवटचं नव्याने लिहा. बाकीची परत पहाटे होतील.